कोपरा फाडलेलं पत्र

आई गेल्याचं पत्र येऊन बत्तीस दिवस झाले होते, आणि आज आईचं पत्र आलं.

दाराजवळच्या छोट्या मेजावर, टोप्या अडकवायच्या खुंट्यांखाली, घरमालकीण मिसेस हॅलोरन भाडेकरूंची पत्रं मांडून ठेवत असे. रामधन राठोड सकाळी जिना उतरला तेव्हा तिथं निळं हवाई पत्र पडलेलं होतं. त्यानं पत्ता वाचायच्या आधी कोपरे पाहिले. चारही शाबूत होते. स्वयंपाकघरातून मिसेस हॅलोरन म्हणाली, ‘घरून आलंय ना? या वेळेस तरी चांगली बातमी असू दे.’ तिला आईचं माहीत होतं. तिनं त्या दिवशी तिच्याकडच्या सुतकाच्या रीतीनं त्याच्या खोलीतला आरसा टॉवेलनं झाकला होता आणि चार दिवसांनी टॉवेल काढून नेला होता. त्यानं मान हलवली आणि सवयीनं पत्र घेऊन बाहेर पायरीवर आला. अक्षर शालिग्राम मास्तरांचं होतं. अनसिंगच्या शाळेतले मास्तर. तांड्यातल्या सगळ्यांची पत्रं तेच लिहीत. आई गोरमाटीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, सांगे, मास्तर वऱ्हाडीत लिहीत, आणि लिव्हरपूलच्या पायरीवर उभं राहून तो ते मनातल्या मनात पुन्हा गोरमाटीत फिरवून घेई. तेव्हा कुठे तिचा आवाज ऐकू येई. आज पहिल्या ओळीलाच आवाज आला, मास्तरांना मधून बाजूला सारून.

‘रामधन, मी जिती हाओ. भेऊ नको. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी मी पान्याले गेली तं कावळा डोक्श्यावर येऊन बसला. नुसता शिवला नाही, बसला. सोनीबाईनं पाह्यलं. मंग नायकानं सांगितलं तसं साऱ्याइले मी मेल्याच्या चिठ्ठ्या धाडल्या. तुही बहीन रुपा रडत आली. हिंगोलीवाले रडले. त्याइले मंग खरं सांगून गूळ देला. तुही चिठ्ठी आली नाही. सारे रडल्याबिगर मले घरात घेत नाहीत. मी गोठ्यात राह्यते. गाईची ऊब हाये, पन आता थंडी लय पडून राह्यली. तू रडला असशील तं तसं लिवून धाड, मंग मी घरात येते. मार्चात येतो म्हनला होता, तेई लिव.’

खाली मास्तरांनी स्वतःचं जोडलं होतं: ‘ता. क. सांगितलं तसं लिहिलं आहे. मला हे पटत नाही, पण तुझ्या आईपुढे माझं चालत नाही. उत्तर लवकर दे.’

त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण सगळ्यात आधी जाणवली ती लाज, आणि तीही अंगाला आधी जाणवली. कान गरम झाले, पायरीच्या दगडाचा गारवा बुटाच्या तळव्यातून वर आला. तो परत खोलीवर गेला. दार लावून ओव्हरकोटाच्या आतल्या खिशातून पहिल्या पत्राचे तुकडे काढले. असलं पत्र उंबऱ्याबाहेर वाचायचं, वाचल्यावर फाडून फेकायचं, घरात ठेवायचं नाही. त्यानं बाहेर वाचलं होतं, फाडलंही होतं, पण फेकायचं कुठं ते त्याला कळलं नव्हतं. गावात उकिरडा असतो, नाला असतो, बोरीचं झुडूप असतं. इथं रस्त्यावर दिव्याच्या खांबाला कचऱ्याची पेटी होती आणि तिच्यात मासे गुंडाळलेले कागद होते. म्हणून तुकडे बत्तीस दिवस खिशातच राहिले. आता त्यानं ते टेबलावर जुळवले. नऊ तुकडे, आणि दहाव्याची, फाडून पाठवलेल्या कोपऱ्याची, रिकामी जागा. ‘तुझी मातोश्री कमलीबाई देवाघरी गेली. धीर धर.’ एवढंच. कशानं गेली ते नव्हतं. किती दिवस आजारी होती ते नव्हतं. गेली तो वार नव्हता, तारीख नव्हती. समुद्राच्या पाण्याच्या उंचीचे ताशी आकडे रामधन संस्थेत दिवसभर तपासत असे. वर्षभराच्या आठ हजार सातशे साठ आकड्यांत एखादा जागचा हलला असेल तर तो त्याला आधी दिसे आणि मग त्याचं कारण सापडे. आणि या दोन ओळींत मरणाची तारीखच नव्हती हे त्याला दिसलं नव्हतं. तारीख नाही म्हटल्यावर तांड्यातलं दहा वर्षांचं पोरही म्हणालं असतं, कावळा बसला असंल.

कारण त्यानं स्वतः पाहिलं होतं. तो सात-आठ वर्षांचा असताना गोविंदसिंग काकाच्या डोक्यावर कावळा बसला होता. कावळा बसला की मरण ठरलेलं, आणि खोट्या मरणावर सगे खरे रडले तरच ते टळायचं. काका झाडाखाली चिलीम ओढत बसला आणि त्याच्या मरणाची बातमी चारी दिशांना गेली. तिसऱ्या दिवशी त्याची बहीण ललिताबाई दुसऱ्या तांड्यावरून आली. शिवेपासूनच तिचा आवाज ऐकू येत होता. त्यांच्यातल्या बायका रडतात ते चालीवर, एकमेकींच्या गळ्यात पडून. आवाज चढत जातो, वर थरथरतो आणि मग पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो. ती तशी रडत झाडापाशी आली आणि तिला चिलीम दिसली. पायातलं पायताण काढून तिनं काकाला दोन लगावले. ‘मेल्या, जिता हायेस तं मले कायले रडवलं? दोन कोस माहा गळा फाटला!’ काका पाठ चोळत म्हणाला, ‘तू रडली म्हनून तं जिता हाओ ना बाई.’ मग सगळे हसले, गूळ वाटला, आणि रामधननं दोनदा हात पुढे केला म्हणून त्याला याडीनं टपली मारली. याडी म्हणजे आई. पण एक जण राहिला होता. काकाचा सोमला नावाचा धाकटा भाऊ अकोल्याला गिरणीत होता. त्यानं निरोप पाठवला की असले खेळ खेळायला मला रजा मिळत नाही. काका होळीच्या आधी तापानं गेला. पुढे कॉलेजात डासाच्या पोटातल्या हिवतापाच्या जंतूंचं चित्र रामधननं वहीत काढलं तेव्हा त्याला काकाचा ताप समजला, अगदी व्यवस्थित, किती तासांनी चढतो आणि का उतरतो इथपर्यंत. पण तांड्यात कोणी डासाचं नाव घेतलं नव्हतं. तांड्याचा मुखिया, नायक, एवढंच म्हणाला होता, ‘एक रडला नाही.’ त्यानंतर तांड्यात ठरलं की असं माणूस शेवटचा नातेवाईक रडेपर्यंत घरात घ्यायचं नाही. मेलेलं माणूस मेल्यासारखं बाहेर राहील, मग कावळा फसेल.

त्यानं कोट चढवला आणि तो बाहेर पडला. शनिवार होता, संस्थेला सुट्टी. आता हे शहर त्याला पाठ झालं होतं. पहिलं वर्षभर नव्हतं झालं. पहिलं वर्षभर खोली, ट्राम, प्रयोगशाळा, खोली. मोठ्या शहराला तो थोडा भीत असे आणि बंदराला जास्त. मुंबईला बोटीवर चढेपर्यंत त्यानं समुद्र पाहिला नव्हता. सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे वाशीमचं पद्मतीर्थ तळं, आणि त्याच्या पायऱ्या मोजता येत. आणि शिष्यवृत्ती मिळाली ती भरती-ओहोटीच्या गणितासाठी. शहर कळलं ते या बत्तीस दिवसांत. पहिलं पत्र आलं त्या दिवसापासून तो रडायला जागा शोधत फिरला होता. भाड्याच्या खोलीत भिंतीपलीकडे एक टायपिस्ट मुलगी राहत असे आणि तिचं खोकणंसुद्धा ऐकू येई. तो गोदीच्या बाजूनं चालला, डोक्यावरून जाणाऱ्या रेल्वेच्या लोखंडी खांबांमधून, मैलच्या मैल. युद्धात जळून छप्पर गेलेल्या चर्चमध्ये गेला. आत गवत होतं, आणि एक म्हातारा कुत्र्याला पाव भरवत होता. कापसाच्या गोदामांच्या गल्लीत गेला, तिथं गाठीतून कापसाचा वास आला, जिनिंगसमोर उभ्या बैलगाड्यांचा, सरकीचा, आणि त्याला वाटलं आता येईल. नाही आलं. गाठी उचलणारा माणूस म्हणाला, ‘रस्ता चुकलास का बाबा?’ कुठली गल्ली नदीवर उघडते, कुठल्या भिंतीमागे वारा लागत नाही, कुठं संध्याकाळी चारनंतर कोणी नसतं, हे सगळं त्याला समजलं. धुकं पडे आणि नदीतून बोटी भोंगे देत. एक भोंगा खालून चढत जाई, वर थरथरे आणि उतरे. तो ऐकला की त्याच्या मानेवर काटा येई. बोट आहे, धुक्यात दुसऱ्या बोटीला सांगते आहे मी इथं आहे, एवढंच. हे माहीत असूनही तो दर वेळेस थांबे. शिवेपाशी कोणीतरी रडत येत होतं आणि पोचत नव्हतं.

रडू न यायचं कारण त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पत्राच्या दोन ओळी वाचून झाल्यावर, काही वाटायच्या आधी, एक विचार आला होता: म्हणजे आता परत जायला नको. प्राध्यापकांनी दोन वर्षं आणखी राहण्याबद्दल विचारलं होतं. फॉर्म त्याच्या टेबलाच्या खणात होता, डिसेंबरअखेर सही करून द्यायचा. आणि आईला त्यानं मार्चचा शब्द दिला होता. निघताना ती अनसिंगच्या रस्त्यापर्यंत आली होती. इतर बायका त्याला धरून चालीवर रडल्या. तिनंच त्यांना गप्प केलं. ‘पोरगा मार्चात येते, रडता काहून?’ तो विचार एक सेकंदही टिकला नव्हता. त्याच्यामागून बाकीचं सगळं आलं, नीट, क्रमानं. पण आधी आला होता तो. आणि त्यानंतर रडणं म्हणजे त्याच्यावर पांघरूण घालणं झालं असतं. त्यानं पत्राला उत्तर लिहिलं नाही तेही त्यामुळंच. ‘फार वाईट वाटलं’ असं लिहायला बसला की पेन थांबे.

दिलावरची खाणावळ गोदीच्या मागच्या गल्लीत होती, तळघरात. दिलावर मूळचा कामरगावचा. मुंबईत बोटीवर भटारखान्यात लागला, वीस वर्षं दर्यावर काढली आणि लढाईनंतर इथंच उतरला. आता तो खलाशांना भात-कालवण खाऊ घाली. या शहरात वऱ्हाडी बोलणारं दुसरं माणूस रामधनला माहीत नव्हतं. पहिल्या पत्राच्या दिवशी तो इथंच आला होता. त्यानं सांगितलं तसा दिलावर डाव खाली ठेवून, भिंतीला टेकून, ओरडून रडला होता. त्याच्या आईची, अमीनाबीची, खबर त्याला मिळाली तेव्हा ती जाऊन दीड साल झालं होतं. दोन चिनी खलाशी जेवता जेवता थांबले होते. रामधन शेजारी कोरडा उभा होता आणि दिलावरच्या पाठीवर हात फिरवत होता.

आज दिलावर कांद्याच्या पोत्याशी बसला होता. रामधननं पत्र वाचून दाखवलं. दिलावरनं सुरी खाली टाकली.

‘जिती हाये? अबे जिती हाये तुही माय?’

‘हो.’

‘या अल्ला! अन् मी तिच्यासाठी तीन दिस गोश्त नाही खाल्लं!’ तो हसायला लागला. हसता हसता त्यानं रामधनच्या पाठीत एक धपका घातला. ‘कावळ्याचं माह्या ध्यानात कसं नाही आलं? आमच्या गावात तं दर साली एक दोन जनं असे खोटे मरत. मंग असं तोंड करून काहून बसला? लिव ना, रडलो म्हनून. बाहेर थंडी हाये तिले.’

‘मी रडलो नाही, दिलावरभाई.’

‘तं?’

‘तर लिहू कसं?’

दिलावरनं कांद्याची सालं बाजूला लोटली. ‘पेननं लिव. इथं कोन पाहून राह्यलं तुह्याकडं? कावळा येते काय इतक्या दूर?’

 रामधनच्या कामात असं होतं: बंदरातलं यंत्र गोल फिरणाऱ्या कागदावर पाण्याची उंची काढतं. कधी शाई संपते, कधी घड्याळ अडतं, आणि तेवढे तास कागद कोरा राहतो. त्या जागी पाणी किती असणार हे गणितानं काढता येतं, बहुतेक बरोबरही येतं. पण ते नोंद म्हणून लिहायचं नाही. कोरी जागा कोरी ठेवायची. हे त्याला इथं शिकवावं लागलं नव्हतं; म्हणूनच तर प्राध्यापकांना तो हवा होता. आणि दुसरं, जे त्याला स्वतःलाही नीट सांगता येत नव्हतं: खोटं लिहिलं, त्या खोट्याच्या भरवशावर ती घरात गेली, आणि मग होळीच्या आधी तिला ताप आला तर? डासच असेल. डासच असतो. पण डासाला कोण विचारणार?

‘तार कर मंग,’ दिलावर म्हणाला. ‘दोन दिसात पोचते.’

‘तांड्यात तार गेली तर मीच मेलो समजतील. मास्तर अनसिंगहून वाचायला येईपर्यंत ती जीव देईल.’

‘हे बी खरं.’ दिलावरनं सुरी उचलून त्याच्या हातात दिली आणि पोतं त्याच्याकडे सरकवलं. ‘बस. हात चालव. रिकाम्या हातानं डोक्शात किडे पडतात.’

रामधन नेहमीसारखा बसला. तळघरात एकच दिवा होता. पहिल्या कांद्याला काही झालं नाही. तिसऱ्याला डोळे चुरचुरले, पाचव्याला गालावरून पाणी ओघळून हनुवटीवर आलं आणि पाटावर पडलं. तो थांबला. सुरी तशीच हातात धरून त्यानं जिभेच्या टोकानं ओठाजवळचा थेंब टिपला. खारट होता.

‘दिलावरभाई,’ तो म्हणाला, ‘याला रडणं म्हणता येईल?’

दिलावरनं वळून पाहिलं. त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याच्या ते लक्षातही नव्हतं, वीस वर्षांची सवय. ‘डोळ्यातून पानी आलं ना?’

‘आलं.’

‘मंग आलं म्हनून लिव. कशानं आलं हे कुठं विचारलं तिनं?’

पत्र त्यानं तिथंच, तेलकट मेजावर लिहिलं. मास्तर वाचून दाखवणार म्हणून सोपं लिहिलं. ‘याडी, तुझं पत्र मिळालं. आज तुझ्यासाठी माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आता घरात ये.’ तुझ्यासाठी हा शब्द लिहून झाल्यावर त्यानं पाहिला. तो खोडला तर मास्तरांना दिसला असता. मग त्यानं तो राहू दिला. त्याखाली दोन बोटं जागा मोकळी सोडली, मार्चचं लिहायला. कोरी जागा कोरीच ठेवून त्यानं खाली सही केली आणि कागद दुमडला. चारही कोपरे त्यानं नखानं नीट दाबले.

पेटीत पत्र टाकून तो नदीकडे चालत गेला. पाणी उतरलेलं असणार हे त्याला न बघता माहीत होतं. या बंदराचं कोष्टक त्यानंच गेल्या महिन्यात तपासलं होतं, पुढच्या वर्षाच्या प्रत्येक दिवसाचं, मार्चच्याही. इथला बोटींचा धक्का तरंगता आहे. भरतीला काठावरून धक्क्यावर जाणारा पूल सपाट असतो आणि ओहोटीला इतका उतरता होतो की माणसं कठडा धरून उतरतात. तो कठडा धरून उतरला. चार वाजत आले होते, अंधारायला लागलं होतं. पैलतीरावरची बोट आली, माणसं बाजाराच्या पिशव्या घेऊन त्याच्या अंगावरून वर चढून गेली. समुद्रपक्षी धक्क्यावर उतरत होते, माणसांच्या पायांत घुसत होते, कोणी त्यांना हाकलत नव्हतं. एका मुलीच्या हातातला पाव त्यांतल्या एकानं हिसकावला आणि सगळे हसले.

तेवढ्यात त्याच्या डोक्यावर काहीतरी बसलं. वजन जाणवलं. टोपी सरकून कातडीला पायाची नखं लागली, गार आणि ओली, आणि लगेच पंखांचा फटका कानाला लागून ते गेलं. टोपी खाली पडली. शेजारचा म्हातारा ती उचलून देत म्हणाला, ‘नशीबवान आहेस. घाण नाही केली.’ रामधन हसला. टोपी हातात घेऊन उभा राहिला. दुसरा हात आपोआप डोक्यावर गेला होता आणि तिथून निघत नव्हता.

कावळा नव्हता. पांढरा होता, मासे खाणारा होता, त्याला मरणाचं काही माहीत नव्हतं. पण रामधनचं मन हिशेब करून मोकळं झालं. आता आपल्या मरणाची चिठ्ठी धाडावी लागेल. कोपरा फाडून. बारा दिवसांनी मास्तर ती घेऊन तांड्यावर जातील, उंबऱ्याबाहेर उभे राहतील. ती नुकतीच गोठ्यातून घरात आलेली असेल. ती खाली बसेल, पदर तोंडावर घेईल, आणि आवाज चढेल, वर थरथरेल. तिला तारीख नाही हे दिसणार नाही. तिला आधी दुसरं काही सुचणार नाही, एक सेकंदही नाही. आणि मग दुसरं पत्र, खरं सांगणारं. ते पाठवलंच नाही तर? पाठवायचं राहून गेलं तर? मार्च नाही, फॉर्म नाही, कोणाचा शब्द नाही.

हा विचारही एक सेकंद टिकला नाही. त्याला तो ओळखीचा वाटला. तोच होता, बत्तीस दिवसांपूर्वीचा. त्या वेळेस आईला मारून आला होता, आता त्याला स्वतःलाच मारून, पण तिला रडत ठेवून. आणि त्याला दिसलं की त्याच्या जागी ती असती तर तिनं दुसरं पत्र पाठवलंच असतं. तिनं पाठवलंच होतं. गोठ्यात बसून, थंडीत, मास्तरांना सांगून, मी जिती हाओ, भेऊ नको.

घशातून जो आवाज निघाला तो त्याचा होता हे त्याला आधी कळलं नाही. त्याला वाटलं बोट आली. आवाज खालून चढला, वर थरथरला आणि पायऱ्या उतरल्यासारखा खाली आला, बायकांच्या चालीवर, ज्या चालीवर त्यांच्यात पुरुष कधी रडत नाहीत. टोपी देणारा म्हातारा दोन पावलं मागं सरला. पिशव्यावाली माणसं वळून पाहत, कठडा धरून वर चढत राहिली. तो डोक्यावर हात ठेवून तसाच उभा होता, आणि आवाज थांबत नव्हता.

मग थांबला. धक्क्याच्या लाकडाखाली पाणी वळलं होतं, भरतीला सुरुवात झाली होती. त्यानं सवयीनं घड्याळात पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. नोंद करण्यासारखं होतं, पण पत्र आता पेटीच्या तळाशी होतं आणि त्यात कांद्याचं पाणी लिहिलेलं होतं. तिकडे रात्र झाली असेल. थंडी पडली असेल. आणि अजून बारा दिवस ती बाहेरच असणार होती.